पिंपरीच्या मातीतलं हॅमायसिन

राहुरी-श्रीरामपूरकडे उसाला दारं धरणाऱ्यांच्या पायांना चिखल्या ठरलेल्या. बोटांच्या बेचक्यातली कातडी भिजून पांढरी पडते आणि तिथे बुरशी बस्तान मांडते. त्यात कधी कॅन्डिडाही असते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर धरते तीच. या कॅन्डिडावरचं एक औषध शेजारच्याच जिल्ह्यातल्या मातीत निघालं.

१९५४ साली पिंपरीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. मुख्य काम पेनिसिलिन बनवण्याचं. पण तिथल्या प्रयोगशाळेत बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार नवी प्रतिजैविकंही शोधत होते. १९६१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन जाहीर केलं. ते तयार करणाऱ्या जीवाणूला गावावरून नाव मिळालं : स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना.

स्ट्रेप्टोमायसीसचं घराणं मोठं. पहिल्या पावसातला मातीचा वास बराचसा त्यांचाच. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये याच घराण्यातून मिळालं. १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी अमेरिकेतल्या मातीतून बुरशीनाशक नायस्टॅटिन काढलं. पुढे व्हेनेझुएलातल्या ओरिनोकोकाठच्या मातीनं अ‍ॅम्फोटेरिसिन बी दिलं. हॅमायसिन या दोघांचं धाकटं भावंड.

कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर जीवाणू आणि बुरशी दोघांचाही हक्क. त्या झटापटीत असलं रसायन कामी येतं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं. हॅमायसिन त्याला चिकटतं, आवरण गळू लागतं आणि पेशी मरते. जीवाणूच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नसतंच, त्यामुळे स्वतःचं विष त्याला बाधत नाही.

माणसाचं तसं नाही. आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल एर्गोस्टेरॉलच्या नात्यातलं, म्हणून ही औषधं रक्तात गेली की मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांना अ‍ॅम्फोटेरिसिन देताना डॉक्टर मूत्रपिंडावर नजर ठेवत होते, ते यासाठीच. हॅमायसिनचा वापर मुख्यतः तोंडातली, कानातली, त्वचेवरची बुरशी असा वरवरचाच राहिला. जीवाणू मारणारी औषधं पुष्कळ आणि बुरशीवरची मोजकी, याचंही कारण इथेच आहे : उत्क्रांतीच्या वंशावळीत बुरशी जीवाणूंपेक्षा आपल्याला जवळची, आणि तिच्यावर नेम धरताना आपल्याच पेशी आड येतात.