हाक आली नाही

१० मार्च १९२३. लेनिनला पक्षाघाताचा तिसरा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तोंडात 'वोत-वोत' एवढेच शब्द उरले. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचे हजारो पातळ काप करून मॉस्कोत अभ्यास सुरू झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर माणसाचं काय होतं, हे स्टालिनला ठाऊक असणार.

४ नोव्हेंबर १९५२. स्टालिनचे खासगी डॉक्टर व्लादिमीर विनोग्रादोव्ह यांना अटक झाली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी स्टालिनला तपासलं होतं, रक्तदाब वाढल्याचं पाहून कामातून विश्रांती घ्यायला सांगितलं होतं.

१३ जानेवारी १९५३. 'प्रावदा' या पक्षाच्या दैनिकात बातमी आली की नऊ डॉक्टरांनी नेत्यांना मारण्याचा कट केला. त्यानंतर अटक होणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

१ मार्च, पहाटे ४ च्या सुमारास. मॉस्कोजवळच्या कुंत्सेवो इथल्या स्टालिनच्या बंगल्यात जेवण आटोपलं. त्याचे सहकारी बेरिया, मालेन्कोव्ह, ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन घरी गेले. पहारेकऱ्यांना निरोप मिळाला : झोपा, आज काही लागणार नाही. असा निरोप पूर्वी कधी आला नव्हता, असं त्यांच्यातल्या लोझगाचेव्हने पुढे सांगितलं.

सकाळी १०. स्टालिनची उठायची वेळ. खोल्यांत हालचाल नाही.

दुपारी १२. तरीही नाही. नियम साधा होता : हाक आल्याशिवाय आत जायचं नाही. तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

संध्याकाळी ६:३०. आतला दिवा लागला. पहारेकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता बोलावणं येईल.

बोलावणं येण्यासाठी मेंदूत काय शाबूत असावं लागतं, हे तोवर नव्वद वर्षांहून अधिक काळ माहीत होतं. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरापुढे एक रुग्ण आला. त्याला समोरच्याचं बोलणं बरंचसं कळे, पण तोंडातून 'तां' एवढंच निघे. तो गेल्यावर ब्रोकाने मेंदू पाहिला. डाव्या गोलार्धात, कपाळामागच्या भागात, खालच्या वळीत इजा होती. मेंदूचं बाह्यक, म्हणजे कॉर्टेक्स, जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड असतं. बहुतेक माणसांत बोलणं घडवणारी जागा त्याच्या डाव्या अर्ध्यात असते. तिच्या मागच्या बाजूला हालचालींची पट्टी. १९५० मध्ये पेनफिल्ड आणि रास्मुसेन या मेंदूच्या शल्यविशारदांनी तिचा नकाशा छापला : हाताची बोटं, ओठ आणि जीभ यांनीच मोठा हिस्सा व्यापलेला, पाठ आणि पोटाला जेमतेम जागा. या पट्टीतून निघालेले चेतातंतू एका अरुंद वाटेतून खाली उतरतात आणि बहुतेक विरुद्ध बाजूला जातात.

त्याच वाटेला लागून स्टालिनची रक्तवाहिनी फुटली. पाच दिवसांनी शवविच्छेदनात दिसलं : डाव्या गोलार्धात, बाह्यकाखालच्या चेतागाठींच्या भागात मोठा रक्तस्राव. आज्ञा वर तयार झाली असती, तरी खाली पोचायचा रस्ताच उरला नव्हता.

रात्री ८. हाक नाही. आत कुणी जायचं, यावर पहारेकऱ्यांची वादावादी चालली होती.

रात्री १० ते १०:३०. पक्षाच्या केंद्रीय समितीचं टपाल आलं. आत जायला निमित्त मिळालं. लोझगाचेव्ह गेला. स्टालिन टेबलाजवळ गालिच्यावर पडलेला, पायजमा ओला. जवळ 'प्रावदा' आणि खिशातलं घड्याळ. घड्याळात साडेसहा. लोझगाचेव्हने काय झालं विचारलं. उत्तर आलं : 'द्झ... द्झ...'

पॅरिसचा 'तां', गोर्कीतल्या लेनिनचा 'वोत-वोत', कुंत्सेवोतला 'द्झ'.

पहारेकऱ्यांनी त्याला कोचावर ठेवलं आणि फोन केले. सुरक्षामंत्री इग्नात्येव्हने सांगितलं, बेरियाला विचारा. मालेन्कोव्ह म्हणाला, बेरिया सापडत नाही. डॉक्टरला फोन कुणी केला नाही. तो करण्याचा अधिकार कुणालाच आपला वाटला नाही.

२ मार्च, पहाटे ३ च्या सुमारास. बेरिया आणि मालेन्कोव्ह आले. मालेन्कोव्हचे नवे बूट करकरत होते म्हणून त्याने ते काढून काखेत धरले. बेरियाने कोचावर घोरणाऱ्या माणसाकडे पाहिलं आणि पहारेकऱ्यांना झापलं : शांत झोपलाय, घबराट पसरवू नका. दोघे परत गेले.

रोग्याला हात लावायलाही भीती वाटावी इतकं या घरातलं वातावरण मालकाने स्वतः घडवलं होतं. तरी डॉक्टर येईपर्यंतच्या पुढच्या चार तासांचा हिशेब त्या दोघांकडे मागायलाच हवा, असं मला वाटतं. समोर एक माणूस पडला होता.

सकाळी ७. डॉक्टर पोचले. सापडल्याला साडेआठ ते नऊ तास झाले होते. रक्तदाब १९०/११०. उजवा हात आणि उजवा पाय लुळे. वाचा नाही, शुद्ध नाही. कानांमागे जळवा लावल्या.

४ मार्च, सकाळ. रेडिओवरून देशाला कळवलं. निवेदनात आजारी पडल्याची जागा मॉस्कोतलं निवासस्थान अशी सांगितली.

त्याच सुमाराला, मॉस्कोतल्या तुरुंगात. तपास अधिकाऱ्याने कैदेतल्या याकोव्ह रापोपोर्ट या विकृतिशास्त्रज्ञाला विचारलं, चेन-स्टोक्स श्वसन म्हणजे काय? श्वास वाढत जातो, मंदावतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. प्रौढ माणसात हे आढळलं तर शेवट जवळ आला असं समजावं, असं रापोपोर्टने सांगितलं. मग अधिकाऱ्याने चांगल्या तज्ज्ञांची नावं मागितली. रापोपोर्टने घेतलेली बहुतेक नावं तुरुंगातच होती.

५ मार्च, रात्र. मुलगी स्वेतलाना उशाशी होती. शेवटच्या क्षणांत बापाने डोळे उघडले आणि सगळ्यांवरून नजर फिरवली, असं तिने लिहून ठेवलंय. मग त्याने हात वर उचलला, काही तरी दाखवावं तसा. डावा हात. उजव्या गोलार्धाची आज्ञा अजून पोचत होती.

रात्रीचे ९ वाजून ५० मिनिटं.