शत्रूच्या छावणीतले दोघे

सूर्य, एखादा मोठा ग्रह आणि एक लहान वस्तू यांचा समभुज त्रिकोण जमला, तर ती वस्तू ग्रहाच्या पुढे वा मागे साठ अंशांवर, त्याच्याच कक्षेत टिकून राहू शकते, हे लाग्रांज यांनी 1772 साली गणिताने दाखवले. त्याचा दृश्य पुरावा मिळाला तो 1906 साली. हायडेलबर्ग येथे मॅक्स वोल्फ यांना गुरूच्या पुढे चालणारा एक लघुग्रह सापडला. त्याच वर्षी ऑगस्ट कोप्फ यांना गुरूच्या मागे दुसरा आणि 1907 साली पुन्हा पुढच्या बाजूस तिसरा आढळला. व्हिएन्नाच्या योहान पालिसा यांनी ट्रोजन युद्धातील नावे सुचवली आणि या तिघांचे अकिलीस, पॅट्रोक्लस व हेक्टर झाले.

पुढे गुरूच्या अग्रभागी ग्रीक वीर आणि मागे ट्रॉयचे वीर, असा संकेत रूढ झाला. पण तोवर हे बारसे होऊन गेले होते. त्यामुळे ग्रीक पॅट्रोक्लस ट्रोजनांच्या गोटात राहिला आणि ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्या. खगोलशास्त्रज्ञ या दोघांना गमतीने 'हेर' म्हणतात.

आम्हांला हा शब्द पटत नाही. 'इलियड'मध्ये हेरगिरी करतो तो डोलोन. हे दोघे मारले गेलेले वीर आहेत. पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून पडतो, म्हणून अकिलीस रणात परततो. हेक्टर पडतो आणि त्याचा देह खरोखरच ग्रीकांच्या छावणीत फरफटत नेला जातो. वृद्ध प्रायम रात्री तिथे जाऊन शत्रूकडे पुत्राचा देह मागतो. महाकाव्यात तो देह घरी येतो. आकाशात मात्र हेक्टर तिथेच आहे.

पुढे दोघांनाही सोबती सापडले: पॅट्रोक्लसचा 2001 साली, हेक्टरचा 2006 साली. पहिल्याला मेनोइटिअस हे पॅट्रोक्लसच्या पित्याचे नाव मिळाले. दुसऱ्याला स्कामांड्रिओस, म्हणजे हेक्टर आपल्या तान्ह्या मुलाला ज्या नावाने हाक मारी ते. पालिसांच्या काळी जे घडले तो योगायोग होता. ही नावे मात्र कोणीतरी काव्य वाचून निवडली. संकेताची चूक दुरुस्त न करता तिच्यात अर्थ भरणे, हेही वाचनच नव्हे काय?

2021 साली निघालेले 'ल्यूसी' हे यान 2033 मध्ये पॅट्रोक्लसपाशी पोहोचणे अपेक्षित आहे. तिथे दगड आणि बर्फ असेल. तरीही त्या छायाचित्राखालचे नाव वाचताना आम्हांला अकिलीसचा आक्रोश आठवल्यावाचून राहणार नाही.