मोहर्लीची वाट



चंद्रपूर शहर सोडून उत्तरेकडे निघालें म्हणजे दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळशाच्या खाणी हळूहळू मागें पडतात, रान दाट होऊं लागतें, आणि सुमारें तीस किलोमीटरांवर मोहर्ली हें गांव लागतें. ताडोबाच्या अरण्याचें हें एक प्रवेशद्वार. येथून खातोड्याकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला, साग आणि बांबूच्या दाटींत, कांहीं अंतराअंतरावर उभे असलेले जुने दगडी खांब प्रवाशाच्या दृष्टीस पडतात. ते गोंड राजांच्या काळचे आहेत, अशी ह्या भागांतील समजूत आहे. ह्या खांबांवरून दोर ओढलेला असे, दोराला घंटा बांधलेल्या असत, आणि राजाची स्वारी निघाली कीं घंटांच्या नादानें पुढच्या मुक्कामाला वर्दी पोंचे, असें लोक सांगतात. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांत एक मर्म आहे. ज्या वाटेवर खांब उभे राहिले, ती वाट राजाच्या सोईची होती. रानांत राहणाऱ्या माणसाला घंटेची गरज नव्हती. त्याची पाऊलवाट निराळीच होती.

आपल्या भाषेंत वाट आणि सडक असे दोन शब्द आहेत. त्यांचा अर्थ एकच, असें आपण शहरांतील माणसें समजतों. वस्तुतः दोहोंत मोठें अंतर आहे. वाट पडते, सडक पाडावी लागते. वाट तेथें राहणाऱ्यांच्या पायांनीं उमटते. सडक बहुधा दूर बसलेल्या कोणाच्या तरी गरजेनें आंखली जाते. जुन्या चांदा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांचा इतिहास ह्या एका भेदाच्या प्रकाशांत पाहिला, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

चांद्याचें गोंड राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेलें. त्या काळीं ह्या मुलखांत बारमाही सडक अशी नव्हतीच. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हिंवाळ्या-उन्हाळ्यांत ये-जा करीत. नद्यांचीं पात्रें आटलीं म्हणजे वाळूंतून गाड्या उतरत, आणि पहिल्या पावसाबरोबर सारा व्यवहार थांबे. वर्धा आणि वैनगंगा ह्या नद्या एकत्र येऊन प्राणहिता होते. ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडून इंद्रावती येते. ह्या नद्यांनीं आणि त्यांच्या असंख्य नाल्यांनीं चार महिने अडविलेला हा प्रदेश. शिवाय कन्हार जमिनीचा चिखल असा कीं, त्यांत रुतलेलें चाक बैलजोडीलाहि निघूं नये.

१८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षीं त्यांचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. नव्या राज्यकर्त्यांना सडकेच्याहि आधीं हवी होती ती तार. हुकूम आणि बातमी माणसापेक्षां वेगानें पोंचली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. १८५८ च्या वसंतांत मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव ह्यांनीं उठाव केला. २९ एप्रिल रोजीं प्राणहितेच्या कांठीं चुंचगुंडी येथें तारखात्याच्या माणसांच्या तळावर हल्ला झाला, आणि त्यांत गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. पुढें बाबुराव पकडले गेले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यांना चांद्यास फांशी देण्यांत आली. त्या रानांत परक्या सत्तेचें पहिलें पाऊल तारेच्या रूपानें पडलें, आणि नेमका तारेच्याच माणसांवर घाव बसला, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

हा क्रम केवळ आपल्याकडचाच नव्हे. कराचीच्या पश्चिमेस मकरानचा समुद्रकिनारा आहे. एका बाजूस वाळवंट, दुसऱ्या बाजूस सागर. ख्रिस्तपूर्व ३२५ मध्यें हिंदुस्थानांतून परततांना शिकंदराच्या सैन्यानें त्याच प्रदेशांत पाण्यावांचून अपार हाल सोसले. १८६० नंतरच्या दशकांत इंग्रजांनीं कराचीहून ग्वादरकडे त्याच किनाऱ्यानें तार नेली, कारण लंडनला हिंदुस्थानची बातमी लौकर हवी होती. पण कराची आणि ग्वादर जोडणारी साडेसहाशे किलोमीटरांची पक्की सडक पुरी व्हायला २००४ साल उजाडावें लागलें. बातमीला जी वाट तेव्हांच मिळाली, ती किनाऱ्यावरच्या कोळ्याला मिळण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. वाळवंट असो कीं अरण्य, दुर्गम प्रदेशाचें नशीब हें असें सारखेंच असतें.

तारेमागून ह्या मुलखांत आला तो व्यापार, आणि त्यानें सडकेऐवजीं नदीच निवडली. आज विसरली गेलेली ही एक विलक्षण योजना होती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलगाड्यांनीं मुंबईस नेणें खर्चाचें. तेव्हां वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी ह्या नद्यांवरून तो नावांनीं थेट पूर्व समुद्रावर न्यावा, अशी ही कल्पना. गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशांत कालवे काढणारे आर्थर कॉटन हे तिचे मोठे पुरस्कर्ते होते. मार्गांत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. ते टाळून जाण्यासाठीं बंधारे, कालवे आणि दरवाजे बांधण्याचें काम सुरू झालें. सिरोंचा हें त्या भागांतील नव्या जिल्ह्याचें मुख्य ठाणें झालें. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धानें कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्यामुळें ह्या योजनेला जोर चढला. मजूर लांबून आणावे लागत, आणि रानांतल्या हिंवतापानें ते हैराण होत.

परंतु १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपूरला येऊन पोंचली, आणि ज्या कापसासाठीं नदी फोडावयाची, तो कापूस रुळांवरून पश्चिमेकडे जाऊं लागला. १८७१ सालीं गोदावरीचें काम थांबविण्यांत आलें. अर्धवट बांधकामें मागें राहिलीं. ज्यांच्या दारांतून हा राजमार्ग जावयाचा होता, त्या माडिया-गोंडांना तो सुरू करतांना कोणी विचारलें नव्हतें, आणि बंद करतांनाहि विचारलें नाहीं.

पुढें कोळशानें आणि सागानें दिशा ठरविली. वरोऱ्याच्या कोळशासाठीं वर्ध्याहून रेल्वेचा फांटा आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोंदियाहून चांद्यापर्यंत अरुंद रुळांची गाडी रानांतून धांवूं लागली. १९२९ सालीं बल्लारशा आणि काझीपेठ जोडले गेले, आणि दिल्ली ते मद्रास हा सरळ लोहमार्ग सिद्ध झाला. आलापल्लीच्या सागाची कीर्ति दूरवर होती. तें लांकूड बाहेर काढण्यासाठीं जंगलखात्यानें गाडीवाटा केल्या. ह्या साऱ्या मार्गांचें एक समान लक्षण ध्यानांत घेण्यासारखें आहे. ते सगळे रानांतून बाहेर जाणारे होते. रानांत कांहीं पोंचवावें, ह्यासाठीं त्यांतला क्वचितच एखादा होता.

ह्याचा परिणाम स्वातंत्र्यानंतरहि कित्येक वर्षें दिसत राहिला. १९७३ च्या डिसेंबरांत बाबा आमटे यांनीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें राहूं लागले. त्या वेळीं पावसाळ्याचे कित्येक महिने तें ठिकाण जगापासून तुटलेलें असे. रोग्याला खाटेवर घालून, खांद्यावर वाहून, मैलोगणती चालत आणावें लागे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरपासून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरहि भामरागडला पर्लकोटेला पूर आला कीं तालुक्याचा संपर्क तुटे, ही बातमी वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यांत येत राहिली. ज्या घरांत दुखणाईत मनुष्य आहे आणि दाराशीं नाला भरून वाहतो आहे, त्या घरीं सडकेच्या तोट्यांवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

१ जानेवारी २०२५ रोजीं एटापल्ली तालुक्यांत वांगेतुरी, गर्देवाडा आणि गट्टा ह्या गांवांना जोडणाऱ्या ३२ किलोमीटरांच्या सडकेचें उद्‌घाटन झालें, आणि अहेरीहून गर्देवाड्यास एस. टी. ची गाडी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनीं त्या भागाला सार्वजनिक गाडी दिसली. ह्यांत अभिमानाइतकीच लाजहि आहे.

पण त्याच तालुक्यांतील दुसरी घटनाहि सांगितली पाहिजे. २०२३ सालीं तोडगट्टा येथें आसपासच्या गांवांतील लोक कित्येक महिने धरणें धरून बसले होते. त्यांचा विरोध लोहखनिजाच्या नियोजित खाणींना होता, आणि त्या खाणींसाठीं होत आहेत असें त्यांना वाटणाऱ्या रुंद सडकांनाहि होता. सडक म्हटली कीं विरोध, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. शाळा, दवाखाना, बाजार ह्यांना पोंचविणारी सडक त्यांना हवीच होती. ट्रकांच्या रांगांसाठीं रान कापणारी सडक नको होती. शहरांतल्या सुशिक्षितांना हा हट्ट वाटला असेल. परंतु वरील शंभर-दीडशें वर्षांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला हा प्रश्न अगदीं रास्त वाटेल: ही सडक आमच्याकडे येते आहे, कीं आमच्याकडून कांहीं घेऊन जाते आहे?

आतां पुन्हां मोहर्लीकडे वळूं. येथें सडकेच्या प्रश्नाला तिसरा पक्ष आहे, आणि त्याला धरणें धरतां येत नाहीं. १९५५ सालीं ताडोबा हें राष्ट्रीय उद्यान झालें, १९८६ सालीं अंधारी अभयारण्य झालें, आणि १९९५ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघांची संख्या वाढली, तसे ते नव्या रानाच्या शोधांत बाहेर पडूं लागले. पण बाहेर पडतांच त्यांच्या आड महामार्ग आणि रूळ येतात. २०१८ च्या नोव्हेंबरांत जुनोण्याजवळ, त्याच चांदा-गोंदिया लोहमार्गावर, वाघाचीं तीन पिल्लें गाडीखालीं सांपडून मेलीं. वाघाची वाट माणसाच्या सडकेहून जुनी आहे. परंतु ती नकाशावर नाहीं.

ह्यावर उपाय नाहींच, असें नाहीं. नागपूरहून शिवनीकडे जाणारा महामार्ग पेंचच्या रानांतून रुंद करतांना महाराष्ट्राच्या हद्दींत प्राण्यांसाठीं ९ ठिकाणीं खालून मोकळी जागा ठेवण्यांत आली. २०१९ सालीं तेथें छायायंत्रें लावून पाहणी केली, तेव्हां १८ जातींचे प्राणी त्या पुलांखालून गेल्याचें दिसलें. त्यांत ११ वाघ होते. खर्च वाढला, हें खरें. पण हा खर्च न केल्यास त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागते, एवढेंच. आणि तो कोणी हिशेब मागण्यास येत नाहीं.

मोहर्लीच्या दरवाजावर सायंकाळ झाली कीं अडसर पडतो. रात्रीं ती सडक प्रवाशांना बंद असते. गर्देवाड्याला मात्र रात्रींसुद्धां सडक उघडी हवी, कारण बाळंतीण घटका पाहून अडत नाहीं. एकाच अरण्यांतल्या ह्या दोन सडका, आणि दोहोंचे नियम निराळे. तरी दोन्ही नियम बरोबर आहेत. सडक हवी कीं नको, हा वाद म्हणूनच मला व्यर्थ वाटतो. ती कोणासाठीं, हें आधीं ठरवावें. मग ती किती रुंद असावी, तिच्यावरून काय वाहून न्यावें, कोठें तिनें पुलावर चढून खालची वाट मोकळी ठेवावी, आणि रात्रीं ती मिटावी कीं न मिटावी, हीं उत्तरें आपोआप मिळूं लागतील.

मोहर्ली-खातोड्याच्या सडकेवरील त्या खांबांचा दोर केव्हांच नाहींसा झाला आहे. घंटाहि उरल्या नाहींत. राजाची वर्दी रानाला देण्याची ती सोय होती, असें सांगतात. रानाची वर्दी राजधानीला पोंचविण्याची सोय मात्र त्या काळीं नव्हती. नवी सडक आंखणाऱ्यांनीं ती आतां तरी करावी.