तळटीप : गूगल स्लाइड्समधील फाइलचा आयडी

* फाइलचा आयडी : लेखिकेने तो कुठे सापडतो हे सांगितलेले नाही, म्हणून हा खुलासा. गूगल स्लाइड्समध्ये सादरीकरण उघडले की ब्राउझरमधील पत्त्यात ‘प्रेझेंटेशन’ या शब्दापुढे दोन तिरक्या रेघांमध्ये एकटे ‘डी’ अक्षर दिसते. तिथून ‘एडिट’आधीच्या रेघेपर्यंतची अक्षरे-अंकांची लांबलचक माळ म्हणजे आयडी. मधली आडवी रेघ किंवा अंडरस्कोर हा त्याचाच भाग, आणि रोमन अक्षरांतला लहान-मोठा भेदही महत्त्वाचा. तेव्हा हाताने टाइप न करता कॉपी करूनच चिकटवावा. फाइलचे नाव बदलले, फोल्डर बदलले, तरी आयडी तोच राहतो. प्रत काढली तर मात्र प्रतीला नवा मिळतो. ड्राइव्हवर एकाच नावाच्या अनेक फाइली असू शकतात, त्यामुळे अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये नेमकी फाइल उघडायला आयडीच भरवशाचा. पत्त्यातील ‘एडिट’पासून पुढचे सारे काढून ‘कॉपी’ लिहिले, तर दुवा उघडणाऱ्याला स्वतःची प्रत करून घ्यायची आहे का, असे विचारले जाते. शिक्षकांनी ही सोय जरूर वापरावी. पत्त्याच्या शेवटी ‘स्लाइड’नंतर येणारा आयडी फक्त त्या स्लाइडचा असतो. वेबवर प्रकाशित केलेल्या दुव्यात ‘डी’नंतर ‘ई’ येते. त्यापुढची माळ वेगळी असून स्क्रिप्टला चालत नाही. ‘दुवा असलेल्या कोणालाही’ अशी मुभा दिलेली फाइल आयडी हाती लागलेला कोणीही उघडू शकतो. विद्यार्थ्यांची नावे वा गुण असलेल्या सादरीकरणाला ती देऊ नये.