फुटली नाही म्हणजे चांगली? : बंदुकीच्या नळीतला दाब मोजण्याचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आम्हाला आधीच विचारलं, "रायफलीच्या नळीतल्या दाबाशी हिंगोलीचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात इथूनच करू.

हिंगोली ही जुनी छावणीची जागा. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज होती, 'हैदराबाद कंटिंजंट', तिच्या ठाण्यांपैकी हे एक. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानी सैन्यात सामील केली गेली. आज इथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. म्हणजे बंदूक या गावाला नवी नाही. आणि इथून जवळच, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला, 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहणार आहे. बंदूक आणि वेधशाळा यांचं नातं काय, ते शेवटी सांगतो. तोवर एकच प्रश्न डोक्यात ठेवा : जिथे आपण जाऊ शकत नाही, डोकावू शकत नाही, तिथे काय घडलं हे खात्रीनं कसं सांगायचं?

गोळी सुटते तेव्हा काडतुसातली दारू जळते आणि चेंबरमध्ये प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. मोटारीच्या टायरमध्ये चौरस इंचाला तीसेक पौंड दाब असतो. रायफलीच्या चेंबरमध्ये तो साठ हजारांच्या घरात जाऊ शकतो. सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. आणि ते चेंबर जवानाच्या गालापासून वीतभर अंतरावर असतं, बरं का. म्हणून हा आकडा नुसता पुस्तकी नाही.

पूर्वी हा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता. मग नळीची खात्री कशी करायची? नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची, लांब उभं राहायचं आणि बार उडवायचा. फुटली नाही म्हणजे चांगली! याला 'प्रूफ' म्हणत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि तपासलेल्या नळीवर शिक्का मारायची पद्धत तिथे रुजली. प्रूफ आजही होतं. पण त्यात एक उणीव आहे. नळी वाचली एवढंच त्यातून कळतं. किती थोडक्यात वाचली, हे कळत नाही.

आकडा शोधण्याचा पहिला नेटका प्रयत्न इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यानं केला. टांगलेल्या जड लंबकावर गोळी मारायची, लंबक किती झुलतो त्यावरून तिचा वेग काढायचा. १७४२ च्या ग्रंथात त्यानं दारूच्या वायूचा दाब वातावरणाच्या सुमारे हजार पट धरला. त्या शतकाच्या शेवटी काउंट रमफर्डनं छोट्या नळीच्या तोंडावर चक्क एक तोफच वजन म्हणून ठेवली आणि दारू ती उचलते का, ते पाहिलं. त्याचे आकडे मात्र फारच फुगलेले निघाले.

पुढे अमेरिकेत रॉडमन यानं दाबानं तांब्यात पातं रुतवलं आणि खुणेच्या लांबीवरून दाब ठरवला. इंग्लंडमध्ये अँड्र्यू नोबल यानं १८६० च्या दशकात त्याहून सोपी युक्ती काढली. चेंबरला भोक पाडायचं, त्यात दट्ट्या बसवायचा, दट्ट्यामागे तांब्याचा छोटा दंडगोल ठेवायचा. बार उडाला की वायू दट्ट्याला ढकलतो, तांबं चेपतं. किती चेपलं ते मोजायचं आणि तक्त्यात दाब पाहायचा. याचं नाव 'क्रशर गेज'. पद्धत स्वस्त, दणकट आणि कोणालाही शिकवता येण्याजोगी. जगभरच्या दारूगोळा कारखान्यांत ती शंभर वर्षं टिकली.

आता खोच पाहा. तो तक्ता कसा बनवत? प्रेसमध्ये तांबं सावकाश दाबून. पण चेंबरमधला दाब सावकाश येत नाही, मिलिसेकंदात येतो आणि जातो. तांब्याला पुरतं चेपायला वेळच मिळत नाही. म्हणून रायफलीत तांबं बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाब सांगतं. शिवाय ते एकच आकडा देतं. दाब कधी चढला, कसा उतरला, यावर ते मुकं असतं.

याचा परिणाम आपल्या ओळखीच्या काडतुसात दिसतो. आपल्या राज्यातल्या पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षं पाहिलेली एसएलआर ७.६२ मिलिमीटर नाटो काडतूस वापरते. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुधनिर्माणीत ७.६२ चा दारूगोळा बनत आला आहे. अमेरिकी लष्करी कागदपत्रांत या काडतुसाचा कमाल दाब ५०,००० पौंड दिला होता. त्याचंच जवळजवळ जुळं भावंड म्हणजे शिकारीचं .३०८ विंचेस्टर, त्याची कमाल मर्यादा ६२,००० पौंड. अनेकांनी निष्कर्ष काढला की शिकारीचं काडतूस बारा हजारांनी जोरकस आहे. खरी गोष्ट अशी की ५०,००० हा तांब्यानं मोजलेला आकडा होता आणि ६२,००० हा विजेच्या उपकरणानं मोजलेला. त्याच .३०८ ची तांब्यानं मोजलेली मर्यादा ५२,००० आहे! दोन्ही काडतुसांत इतर बारीक भेद आहेत, ते निराळे. पण या बारा हजारांतला बराचसा फरक दारूतला नव्हता, मोजपट्टीतला होता. एककाचं नाव एकच लिहिलं गेलं आणि मोजलं कसं, हे गळून पडलं.

ही विजेची उपकरणं दोन वाटांनी आली. एक वाट स्फटिकाची. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. दारूगोळ्याच्या प्रमाणित चाचण्या आज मुख्यतः याच, म्हणजे पिझो तत्त्वावर होतात.

दुसरी वाट तारेची. तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५६ साली नोंदवलं. त्याचा खरा उपयोग व्हायला १९३८ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे बारीक तार पृष्ठभागावर चिकटवून तिला मोजमापाला लावलं. हाच स्ट्रेन गेज. रूज यांच्यापुढचा प्रश्न बंदुकीचा नव्हताच. भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांचं काय होतं, हे ते नमुने करून तपासत होते. वसमत-कळमनुरीकडच्या जमिनीचे हादरे अनुभवलेल्या तुम्हा मंडळींना त्या प्रश्नाचं मोल वेगळं सांगायला नको.

रायफलीवर हा गेज कसा चालतो? चेंबरच्या बाहेर, पोलादावर, नखापेक्षा लहान पट्टी चिकटवायची. आत दाब आला की नळी किंचित फुगते. किती किंचित? समजा चेंबरचा व्यास १२ मिलिमीटर, नळीचा बाहेरचा ३० आणि दाब ६२,००० पौंड. बाहेरचा व्यास वाढतो सुमारे ०.०२४ मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. मूळ मापाच्या प्रमाणात पाहिलं तर दहा हजारांत आठ भाग. या प्रमाणालाच 'स्ट्रेन' म्हणतात. नेहमीच्या ३५० ओहमच्या गेजमध्ये तेवढ्यानं अर्ध्या ओहमहून जरासा जास्त फरक पडतो. व्हीटस्टन ब्रिजच्या मंडलानं तो टिपायचा, वाढवायचा आणि पडद्यावर दाबाचा चढउतार अख्ख्या रेषेत पाहायचा. नळीला भोक नाही, दट्ट्या नाही.

पण इथेही हुरळून जायला नको. गेज दाब मोजत नाही, नळीचं फुगणं मोजतो. दाब आपण गणितानं काढतो. त्या गणितात नळीची जाडी लागते, पोलादाचा ताठपणा लागतो आणि काडतुसाचं पितळ स्वतः थोडा दाब पेलतं तेही धरावं लागतं. गेज नीट चिकटला नसेल तर सगळंच वाया. म्हणून रेषेचा आकार आणि दोन बारांमधली तुलना यांवर विसंबता येतं. नेमक्या आकड्यासाठी मात्र ज्याचा दाब आधीच माहीत आहे अशा संदर्भ काडतुसाशी पडताळा घ्यावा लागतो. तांब्याच्या तक्त्यानं दिलेला धडा इथेही सुटत नाही.

आता दुधाळ्याला परत येऊ. केंद्रीय मंत्रिमंडळानं फेब्रुवारी २०१६ मध्ये लायगो-इंडियाला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, टोकांना आरसे, मध्ये लेझर. दूरची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली की त्या भुजा किंचित ताणल्या-आखडल्या जातात. जे मोजायचं त्याचं नाव पुन्हा तेच : स्ट्रेन. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोनं टिपलेल्या पहिल्या लहरीत तो होता एकावर एकवीस शून्यं इतक्यांतला एक भाग. रायफलीच्या नळीतला ताण त्याच्या जवळजवळ अब्ज गुणिले अब्ज पट मोठा!

आत काय झालं ते दिसत नाही, म्हणून भिंत किती ताणली गेली ते पाहायचं, ही युक्ती दोन्हीकडे एकच. काळजीही एकच. लायगोचे शास्त्रज्ञ आरशांवर मोजूनमापून लेझरचा प्रकाश टाकतात, त्यांना ठरावीक इतकंच ढकलतात आणि आपलं यंत्र तेवढंच दाखवतं ना, हे तपासतात. संदर्भ काडतुसाचं काम तिथे प्रकाश करतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी तुम्हाला आकडा सांगितला, मग तो बंदुकीचा असो, धरणाच्या भिंतीचा असो की पुलाचा, तर दुसरा प्रश्न लगेच विचारा : मोजला कशानं, आणि ती मोजपट्टी तपासली कोणी? एसएलआर खांद्यावर घेणाऱ्या शिपायाला हे विचारायची सोय नसते. त्यानं दस्त्याला गाल लावायच्या आधीच ते कोणीतरी विचारलेलं असावं लागतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.