सोनोग्राफी केंद्र (महाराष्ट्र)

सोनोग्राफी केंद्र म्हणजे श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या परावर्तनावरून शरीरातील अवयवांची प्रतिमा मिळवून रोगनिदान करणारे केंद्र होय. क्ष-किरणांविना होणारी ही तपासणी गर्भवतींसाठी उपयुक्त ठरली. मात्र तिचा गैरवापर गर्भलिंगनिदानासाठीही होऊ लागला. त्यास आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. त्यानुसार कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावातील केंद्रालाही नोंदणी करणे व प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घटली. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण आढळले आणि बेकायदेशीर गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आले.