थंडीनं फुलं करपली, मग घरं उघडली

आज अमेरिकेच्या दक्षिणेकडे, मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावाला जाऊ. तिथे दर वसंतात, अझेलिया फुलते तेव्हा, कापसाच्या पैशावर बांधलेले जुने वाडे लोकांना बघायला उघडतात. तिकीट काढायचं, आत जायचं. घेरदार झगे घातलेल्या बायका खोल्या दाखवतात.

ही प्रथा सुरू केली गावातल्या बायकांच्या बागप्रेमी मंडळानं. १९३१ साली तिथे राज्यातल्या अशा मंडळांची सभा भरायची होती. ऐन वेळी थंडीनं फुलं करपली. पाहुण्यांना दाखवायचं काय? मग घरांचीच दारं उघडली, आणि पाहुण्या खूश झाल्या! मंदीचे दिवस होते, वाडे पडायला आले होते. १९३२पासून तिकीट लावलं आणि त्या पैशातून कितीतरी घरं वाचली. पुढे पैशावरून मंडळ फुटलं, भांडण कोर्टात गेलं. गट चालवणाऱ्या बायकांना हे काय नवीन सांगायचं!

लाँगवुड नावाचा आठकोनी वाडा मला विसरता येत नाही. बेत ३२ खोल्यांचा. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेकडचे कारागीर काम टाकून घरी गेले. तळमजल्याच्या ९ खोल्या तेवढ्या झाल्या, त्याही गुलाम मजुरांच्या हातून. १८६४ मध्ये मालक वारला. त्याची विधवा ज्युलिया मुलांना घेऊन त्याच खोल्यांत राहिली. वरचे मजले आजही अर्धवट आहेत. याच युद्धात तिकडचा कापूस अडला म्हणून आपल्या खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता.

पण तो कापूस वेचला कोणी, वाड्यांत रांधलं कोणी, पोरं सांभाळली कोणी? बरीच वर्षं झगेवाल्या बायका हे सांगतच नव्हत्या. उलट गावच्या कार्यक्रमात गुलाम हसत-गात दाखवायचे. मला याचा राग येतो. त्याच गावाच्या वेशीवर माणसांचा बाजार भरत होता. तिथे आई एकीकडे विकली जाई, लेक दुसरीकडे. १८६३ मध्ये उत्तरेचं सैन्य आल्यावर बाजार बंद झाला. बाजाराचे कोंडवाडे काळ्या सैनिकांनी स्वतःच्या हातांनी पाडले.

आता मेलरोझसारख्या वाड्यात गुलामांच्या खोल्याही दाखवतात. बाजाराच्या जागी मात्र वाडा नाही, बाग नाही, तिकीटही नाही. माहितीचे फलक आहेत, आणि सिमेंटमध्ये बसवलेल्या बेड्या.